अणुभट्टीच्या दालनात कॅमेरा



आज उतरायचंय जमिनीच्या पोटात.
स्टॉकहोममध्ये, एका तंत्रविद्यापीठाच्या आवाराखाली… तब्बल 25 मीटर खोल.

इथे 1954 साली स्वीडनची पहिली अणुभट्टी सुरू झाली. नाव, आर-वन.
आपली ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी आली ती त्यानंतर दोन वर्षांनी!

1970 मध्ये आर-वन बंद झाली. पुढे भट्टी सुटी करून काढून नेली.
उरलं ते खडकात कोरलेलं भलंमोठं दालन.

आता तिथे नाच-गाण्याचे कार्यक्रम होतात. कॅमेरेवालेही येतात.

त्यांची खरी गाठ असते अंधाराशी.
ऊन नाही, खिडकी नाही.
फ्लॅश मारला, तर जवळचा कठडा पांढराफटक… आणि मागचं दालन काळंकुट्ट!
तेव्हा फ्लॅश पिशवीतच बरा.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा.
शटर काही सेकंद उघडं ठेवायचं.
टायमर लावायचा, आणि हात मागे.
बोटाचा धक्कासुद्धा फोटो हलवतो.

तेवढ्यात समोरून कुणी गेलंच, तर गंमत होते. फोटोत तो माणूस धुरासारखा पुसट दिसतो… किंवा दिसतच नाही.

पुन्हा सांगायचं तर, फ्लॅश नको, ट्रायपॉड हवा.

आणि हो, या दालनात एक पाइप ऑर्गनही आहे.
एका चित्रपटगृहातून आणलेला, मूकपटांच्या काळातला.
अणुभट्टीचं दालन बघायला आलेला कॅमेरा त्याच्याकडेही वळतोच.