मिरगाच्या आत छप्पर

(मे महिन्यातील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून गाणी झाली, आठवणी झाल्या, आंबोळ्या-उसळ झाली. मला दिलेली दहा मिनिटं मी आपल्या एका वर्गमित्रासाठी मागून घेतली आहेत. तो आज इथे नाही. त्याचं नाव मी घेणार नाही, कारण त्यानं तशी अट घातली आहे. पण पऱ्याला पाणी चढलं की पलीकडच्या वाडीतल्या मुलींची दप्तरं डोक्यावर घेऊन दोन-दोन खेपा कोण करायचा, असं विचारलं तर अर्ध्या सभागृहाला नाव सांगता येईल.

शिमगा होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी सड्यावरच्या वाळक्या गवताला कुणाच्या तरी निष्काळजीपणानं आग लागली. वारा होता. वणवा काजूच्या बागेतून उतरला आणि त्याच्या गोठ्याला भिडला. माळ्यावर पेंढा, पडवीत नारळाची सोडणं आणि लाकडं, म्हणजे पावसाळ्याची सगळी बेगमी. तो धावत आला तो आधी गोठ्यात शिरला. कोयत्यानं दावी तोडली. दोन्ही बैल आणि गाय सुटली. वळून बघतो तर घराचं आढं पेटलेलं. तालुक्याचा बंब आला, पण पाखाडीनं खाली उतरणार कसा? वर रस्त्यावरच उभा राहिला. लोकांनी कळशा भरभरून ओतल्या. मार्चातल्या विहिरीत पाणी ते किती असणार!

आजोबांच्या वेळचं घर. चिऱ्याच्या भिंती उभ्या आहेत. वासे, रिपा, कौलं, माळा, कणगीतलं भात, अंथरुणं, सुनेची शिलाई मशीन, यातलं काही राहिलं नाही. घरातली पाचही माणसं आज शेजाऱ्याच्या पडवीत झोपतात.

आता माझी लाज सांगतो. ही बातमी आपल्या ग्रुपवर आली तेव्हा मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि क्रिकेट बघत बसलो. आठ दिवस फोन केला नाही. वर मी विमा कंपनीत ३० वर्षं काढलेला माणूस! २०२१च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी आहे, तिच्यात आग, वणवा, पूर, दरड सगळं येतं. आयुष्यभर अनोळखी लोकांना विमा उतरवा म्हणून सांगितलं. दरवर्षी ज्याच्या घरी फणस खायला जायचो, त्याला एकदाही विचारलं नाही. तेव्हा ‘त्यानं विमा घ्यायला हवा होता’ असं कुणी म्हणणार असेल, तर ते आधी मला म्हणावं.

सरकारी मदतीचं म्हणाल, तर घर पूर्ण नष्ट झालं असेल तर सपाट भागात १,२०,००० रुपये मिळतात. पक्क्या घराचं नुकसान अंशतः असेल तर ६,५००. भिंती उभ्या आहेत म्हणून पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिलं गेलं. ज्या घराला छप्पर नाही, त्यात अंशतः राहायचं तरी कसं, हे विचारायला आपल्यापैकी कुणी गेलं नाही. महसूल खात्यातून निवृत्त झालेले आपले दोन मित्र समोर बसले आहेत. फेरपंचनाम्याचा अर्ज लिहून, त्याला बरोबर घेऊन कचेरीत जाणं हे काम त्यांचं. मी परस्पर ठरवून टाकलं आहे, रागावू नका.

पत्र्याच्या डब्यात काजूचे पैसे होते. नोटा काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या आहेत. इतक्या जळलेल्या नोटा गावातली बँक बदलून देत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत न्याव्या लागतात. त्या उलगडायला जाऊ नका, तशाच कापसात ठेवून डब्यात न्या. जितका तुकडा शाबूत, तितका उपयोग. मुंबईकरांपैकी एकानं त्याच्याबरोबर तिथे जावं. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मुख्याध्यापकांनी द्यायचं कबूल केलं आहे. आणि एक मागणी त्याच्या बायकोची आहे. लग्नाचा एकही फोटो उरलेला नाही. १९९० साली आपल्यापैकी वीस-बावीस जण त्या लग्नाला गेलो होतो. घरी गेल्यावर जुने अल्बम काढा. कोपऱ्यात का होईना, ती दोघं दिसत असतील तर तो फोटो पाठवा.

मुख्य काम छपराचं. मिस्त्रीनं लाकूड, कौलं आणि मजुरी धरून साडेचार लाखांचा अंदाज दिला आहे. मृग लागायला पाच आठवडे उरलेत. एकदा पाऊस त्या उघड्या भिंतींवर पडला की चिऱ्यांमधली माती धुऊन जाईल, आणि मग छपराबरोबर भिंतीही बांधाव्या लागतील. म्हणून पुढच्या मेळाव्यात बघू, असं म्हणायची सोय नाही.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, “वर्गणी काढू नकोस. दुसऱ्यांसाठी डबा फिरवलाय मी, माझ्यासाठी कुणी फिरवलेला बघवणार नाही.” तासभर वाद घातला. शेवटी म्हणाला, “उसने द्या. वहीत मांडा. काजूवर फेडीन.” मी हो म्हटलं. फेडून घ्यायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण वही मांडायची आणि ती त्याला दाखवायची, हा शब्द मी दिला आहे.

वही दाराशी टेबलावर आहे. पैसेच हवेत असं नाही. कुणाची सागाची जुनी तुळई पडून असेल, कुणाकडे मंगलोरी कौलं असतील, कुणी टेम्पो देईल, सगळं लिहा. पहिली नोंद आपल्या गणिताच्या बाईंनी सकाळीच केली आहे: दोन हंडे, एक परात, आणि एका महिन्याचं पेन्शन. खाली सही करून त्यांनी मला विचारलं, “बेरीज कोण करणार आहे? तू नको.”

रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून दोन गाड्या निघतील. जळका ढिगारा उपसायचा आहे. जुने कपडे घालून या, आणि घमेलं असेल तर आणा.