पुस्तकाची खिडकी



ज्या गावात मराठी विश्वकोश सिद्ध झाला, त्या गावात मला व्याख्यानाला उभे केले, यात संयोजकांचे धाडस अधिक की माझे, हे तुम्हीच ठरवा. माझी शाळा इयत्ता आठवीला संपली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या पाळीत आणि वाचनालयाच्या कपाटापाशी उभे राहून. तीस वर्षे कामगारांच्या संघटनेत गेली. मला द्वारसभेत बोलायची सवय. तिथे भोंगा झाला की भाषण संपते. इथे भोंगा नाही, म्हणून अध्यक्षांनी वेळेवर घड्याळाकडे बोट दाखवावे.

तुमच्या घाटावरून जे पाणी पुढे जाते ते आमच्या सांगलीला येते. कधी कधी फारच येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या पुरात शहरातल्या घरांबरोबर पुस्तकांचीही दैना झाली. ओल्या पुस्तकाचा वास ज्याने घेतला आहे त्याला तो जन्मभर आठवतो. आम्ही कामगारांनी कित्येक दिवस पुस्तके दोरीवर पालथी घालून वाळवली, पानापानात वर्तमानपत्राचा कागद घातला. जी उघडली ती वाचली, जी चिकटली ती गेली. हे सारे आटोपून कपाटे पुन्हा भरतो न भरतो तोच सात महिन्यांनी दुसरे संकट आले. पुरात पुस्तकांना पाण्याचे भय होते. आता माणसाला पुस्तकाचे भय वाटू लागले.

२३ मार्च २०२० रोजी आमच्या जिल्ह्यात इस्लामपुरात परदेशाहून आलेल्या एकाच कुटुंबातील चौघांना कोरोना झाल्याचे कळले. पुढे त्यांच्या नातलगांत ही संख्या २६ पर्यंत गेली. तेव्हा जिल्ह्यात दाराची कडी उघडायला लोक कोपर लावू लागले, दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊ लागले, हे तुम्हांला आठवत असेल. वाचनालये बंद झाली. बंद व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी आजी प्लेगाच्या गोष्टी सांगे. गावात उंदीर मेले की लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. १८९७ पासून पुढे कित्येक वर्षे सातारा जिल्ह्याने हे सोसले. त्या वेळी लोक एकमेकांच्या कपड्यांना भीत, भांड्यांना भीत. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिले, तरी ते सर्वांना पटायला काळ जावा लागला. आणि पुस्तकाला भिणे हे काही आपल्याच अडाणीपणाचे लक्षण नव्हे. इंग्लंडात १९०७ साली कायदाच झाला की, ज्याला सांसर्गिक रोग झाला आहे त्याने वाचनालयाचे पुस्तक नेऊ नये. त्या काळी तिकडे पुस्तकांना धुरी देत, काही ठिकाणी जाळूनही टाकीत. तेव्हा आम्ही २०२० मध्ये जे केले त्याला तुम्ही फार हसू नये. मात्र थोडे हसावे, कारण आम्ही तसेच केले.

आमचे वाचनालय लहान. कामगार वस्तीतल्या एका मजली इमारतीत दोन खोल्या, काही हजार पुस्तके, एक ग्रंथपाल. त्यांना आम्ही सारे ताई म्हणतो. मी तिथल्या कार्यकारी मंडळात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याचे कारण पडणार आहे.

१ ऑगस्ट २०२० हा अण्णाभाऊ साठे यांच्या जन्मशताब्दीचा दिवस. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचा हा माणूस, शाळेत दीड दिवस गेला असे ज्याच्याविषयी सांगतात. साधा काळ असता तर जिल्हाभर सभा झाल्या असत्या. त्या दिवशी सकाळी ओतकामाच्या कारखान्यातल्या एका मदतनीसाचा मला फोन आला. "भाऊ, फकिरा मिळंल का? आज तरी वाचावी म्हणतो." कारखान्यातले काम अर्धेच चालू होते, माणूस घरी बसून होता, आणि त्याला पुस्तक हवे होते. आमच्या कपाटात 'फकिरा'च्या चार प्रती होत्या. कपाटाला कुलूप, खोलीला कुलूप, सरकारचा हुकूम वर. मी त्याला नाही म्हणालो. तीस वर्षांत मालकांकडून मी हजारदा नाही ऐकले असेल, पण स्वतः म्हटलेले ते नाही माझ्या घशात अडकले.

त्याच आठवड्यात आम्ही ठरवले की, परवानगी येईल तेव्हा तयार असायचे. ती आली १५ ऑक्टोबरला. मधल्या दोन-अडीच महिन्यांत, ज्यात सांगलीत खाटा मिळेनाशा झाल्या होत्या, आम्ही खिडकीची योजना उभी केली. मोठ्या देशांत यासाठी यंत्रे आहेत. वाचक स्वतःच पुस्तक यंत्रापुढे धरतो, नोंद होते, कुणाचा कुणाला हात लागत नाही. आमच्याकडे एक खिडकी होती.

वाचकाने सकाळी दहा ते बारा या वेळात फोन करायचा, नाव आणि वर्गणीदार क्रमांक सांगायचा. ताईंनी पुस्तक काढायचे, नोंदवहीत दाखल क्रमांक लिहायचा, कापडी पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची आणि संध्याकाळी ती खिडकीच्या फळीवर ठेवून दोन पावले मागे व्हायचे. वाचकाने खडूच्या वर्तुळात थांबायचे, आपला नंबर मोठ्याने म्हणायचा आणि पिशवी उचलायची. सही घ्यायची रीत आम्ही सोडली. यावर मंडळात दोन बैठका झाल्या. एका सभासदाचे म्हणणे, सही नसेल तर पुस्तके बुडतील. मी विचारले, आजवर बुडालेल्या पुस्तकांवर काय सह्या नव्हत्या? तो मुद्दा तिथे संपला.

परतीसाठी पेटी हवी होती. फॅब्रिकेशनच्या कारखान्यातल्या आमच्या पोरांनी भंगारातला पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून ती केली. वर फट, आत उतरती घसरण, खाली दार. देखणी झाली होती. पहिल्याच दिवशी एक जाडजूड कादंबरी घसरणीवरून सुटली आणि तळाला आपटून तिची शिवण उसवली. लोखंडाचा माल उतरवणाऱ्या हातांनी केलेली पेटी ती! मग तळाला गोणपाटाची घडी घातली आणि घसरण कमी केली.

आता माझी चूक सांगतो. परतीच्या पहिल्या पुस्तकांवर मी स्वतः जंतुनाशक फवारले. अगदी पानापानांत. नगरपालिकेचे लोक रस्त्यावर फवारत, त्यावरून मला अक्कल सुचली. अकरा पुस्तकांच्या वेष्टनांचा रंग उतरला, जुन्या कागदाची पाने एकमेकांना चिकटली. ताई काही बोलल्या नाहीत. फक्त पुराच्या वेळची दोरी काढून आणली आणि ती पुस्तके वाळत घातली.

खरे तर फवारायची गरजच नव्हती. मार्च २०२० मध्येच अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून सांगितले होते की, पुठ्ठ्यावर हा विषाणू २४ तासांनंतर जिवंत सापडला नाही. प्लास्टिक आणि पोलाद यांवर मात्र ७२ तासांपर्यंत राहिला. तिकडच्या ग्रंथालयांनीही पुस्तके घेऊन प्रयोग केले. त्यांना आढळले की, एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर तो अधिक दिवस टिकतो, सुटी ठेवलेल्यांवर कमी. म्हणून आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या टाळल्या आणि आलेली पुस्तके मागच्या खोलीत सुटी, उभी, पाने किंचित उघडी ठेवून तीन दिवस विसाव्याला लावली. खोलीत वाराच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. सोमवारची पुस्तके गुरुवारी बाहेर.

हे सारे सुरळीत चालू झाल्यावर मी एके दिवशी मोठ्या अभिमानाने ताईंना म्हणालो, "बघा ताई, आता कुणाचा हात कुणाच्या पुस्तकाला लागत नाही." त्या पिशवी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, मग हे हात कुणाचे?"

मंडळी, मी जन्मभर यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब मांडत आलो, आणि माझ्याच खिडकीमागचे माणूस मला दिसले नव्हते. शंभर वाचकांचा स्पर्श वाचला तो नाहीसा झाला नव्हता. तो सगळा गोळा करून आम्ही एका बाईच्या हातांवर ठेवला होता. शहरांत घरपोच सामान मागवणाऱ्यांचेही तेच. दारात पिशवी ठेवून जाणाऱ्या पोराच्या अंगाला काय चिकटले, ते त्या पावतीवर लिहिलेले नसते.

त्या दिवशी घरी जाऊन मी जुनी कागदपत्रे पाहिली. मार्च ते सप्टेंबर या महिन्यांचे ताईंचे मानधन दिलेलेच नव्हते. वर्गणी जमा नाही, अनुदान वेळेवर नाही, वाचनालय बंद, म्हणून मंडळाने ठराव केला होता. ठरावाखाली माझी सही होती. लॉकडाऊनच्या त्याच महिन्यांत मी पाच कारखान्यांच्या फाटकांवर निवेदने दिली होती की, बंद काळातला पगार मिळालाच पाहिजे!

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अनुदान मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला २०२२ पर्यंत वर्षाला तीस हजार रुपये मिळत. म्हणजे महिन्याला अडीच हजार, आणि त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, दिवाबत्ती आणि ग्रंथपालही. २०२२ मध्ये सरकारने अनुदान साठ टक्क्यांनी वाढवले. टक्का मोठा दिसतो. मूळ रक्कम पाहिली की तो केवढा ते कळते. पण सरकारकडे बोट दाखवून मी माझी सही पुसू शकत नाही. पुढच्या बैठकीत मीच तो ठराव फिरवायला मांडला. वाद झाला. शेवटी चार महिन्यांचे मानधन लगेच द्यायचे ठरले, बाकीचे दोन हप्त्यांत. खिडकीपाशी नळ आणि हात धुण्याचे भांडे आले, कामाची वेळ चार तासांवर आणली. मोज्यांचा आग्रह मी धरला होता, तो ताईंनीच नाकारला. मोजे घातलेला हातही तोंडाला लागतोच, साबण बरा, असे त्यांचे म्हणणे, आणि ते योग्य होते.

खिडकीचे एक नुकसान मात्र झाले. मी वाचायला शिकलो तो कपाटापुढे रेंगाळून. एक पुस्तक शोधायला जावे आणि शेजारचे हाती यावे. खिडकीवर ज्याचे नाव ठाऊक आहे तेच मागता येते, आणि ज्याला नावे थोडी ठाऊक त्याला थोडेच मिळते. तुमच्या जवळच्या भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडली आहेत, पाहुण्याने यावे, उचलावे, वाचत बसावे. आमची खिडकी म्हणजे भिलारच्या अगदी उलट. त्यावर ताईंनी तोड काढली. रोज एका कपाटाच्या एका खणाचे छायाचित्र काढून त्या वाचकांच्या फोनवर पाठवीत, पुस्तकांच्या पाठी दिसतील असे. ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांच्यासाठी बाहेर फळ्यावर दहा नावे लिहीत. म्हातारे वाचक फळ्यापुढे उभे राहून वाद घालीत, तेवढाच त्यांचा वाचनकट्टा.

आणि एक गोष्ट आमच्या ध्यानीमनी नव्हती. खिडकीवर बायका येऊ लागल्या. घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या मुली. मी ताईंना विचारले, या आधी कुठे होत्या? त्या म्हणाल्या, "आत बाकांवर तुम्ही सगळे पेपर उघडून बसता. त्यातून कपाटापर्यंत कोण जाईल?" वीस वर्षे आम्ही 'वाचनालय सर्वांना खुले आहे' अशी पाटी लावली होती. दार उघडे होते हे खरे. वाटेत आम्ही होतो.

हात न लावता देणे-घेणे, या गोष्टीचा इतिहास आपल्या भागात फार जुना आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. पुढे बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती, शिपायाने तोटी उघडली तरच तहान भागे. म्हणून आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या वाचकाने खडूचे वर्तुळ पाहिले तेव्हा तो तिथे उभा राहिना. "मला लांब उभं करू नका," म्हणाला. त्याला रोगाचे समजावून सांगितले, मुखपट्टी त्याने लावली, पण वर्तुळात तो शेवटपर्यंत उभा राहिला नाही. आम्ही वर्तुळ पुसले आणि खिडकीच्या आतल्या बाजूला एक बाक आडवा घातला. म्हणजे अंतर आमच्या बाजूने राहिले. आरोग्याच्या दृष्टीने फरक काहीच पडला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, वस्तूला हात लागून हा रोग होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी. खरे भय कोंदट खोलीतल्या हवेचे. म्हणजे आम्ही पुस्तकांना तीन-तीन दिवस कोंडून ठेवीत होतो, आणि ताई ज्या मागच्या खोलीत ती मांडीत होत्या तिची खिडकी मात्र पुराच्या भीतीने खिळे ठोकून बंद केलेली होती! ते खिळे आम्ही मे महिन्यात काढले. जुलैत पुन्हा पूर आला, पण पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत पोचले नाही.

आता कपाटे पुन्हा खुली आहेत. वाचक आत येतात, रेंगाळतात. खिडकी बंद करावी असा विषय मंडळात एकदा निघाला, तेव्हा सतरा बायकांच्या सह्यांचा अर्ज आला. मंडळाच्या बैठकीत वाचायचा म्हणून तो माझ्याच हाती दिला गेला. खिडकी बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी चालू आहे. त्या दोन संध्याकाळच्या जादा वेळेचे मानधन ताईंना मिळते. किती, ते इथे सांगायला मला लाज वाटते. पत्र्याची पेटीही आहे. तिच्या तळाचे गोणपाट झिजले आहे, ते बदलायचे तेवढे राहिले आहे.