पाण्याखालचे देऊळ आणि काठावरचे आपण

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदी उतरून जाण्याची जागा, म्हणजेच उतार किंवा घाट, असा आहे. असा उतार जो घालून देतो तो तीर्थंकर. नदी आणि नाव हे विषय आपल्याला परके नाहीत, म्हणूनच आज आपल्याच भोर परिसरातील एका जलप्रवासाविषयी बोलण्याचे मी योजिले आहे.

वरंधा घाटाच्या बाजूने येणारी नीरा आपण रोज पाहतो. तोरणा-राजगडाच्या पायथ्याकडून येणाऱ्या कानंदी आणि गुंजवणी यांचे पाणीही पुढे तिलाच मिळते. भोरजवळ नीरेला मिळणारी वेळवंडी मात्र भाटघर येथे अडविलेली आहे. सुमारे १.६ किलोमीटर लांबीचे हे दगडी धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्यास लॉईड धरण म्हणत. आज त्या जलाशयास भुतोंड्याचे वीर येसाजी कंक यांचे नाव आहे.

आश्विन महिन्यात, जलाशय काठोकाठ भरलेला असताना, मी एका जुन्या लाकडी नावेतून या पाण्यावर फिरलो. नावेला ना शीड, ना यंत्र. केवळ दोन वल्ही होती आणि ती चालविणारे एक वृद्ध नावाडीबाबा होते. दोन्ही काठांवर डोंगर उतरत आलेले होते आणि भातखाचरे पिवळी पडू लागली होती. कांबरे गावाच्या शिवारात येताच बाबांनी वल्ही संथ केली.

मी विचारले, “बाबा, का थांबलात?”

ते म्हणाले, “शेठ, खाली देऊळ आहे. त्याच्यावरून जाताना वल्हं जोरात मारत नाही. वडिलांनी तसंच शिकवलंय.”

मी वाकून पाहिले. हिरव्या पाण्यावाचून काहीच दिसले नाही.

पुढे वैशाखात मी पुन्हा तेथे गेलो. सिंचनाची आवर्तने सुटल्याने पाणी खूप ओसरले होते. जेथून आमची नाव गेली होती तेथे भेगाळलेला गाळ होता, आणि त्यातून कांबरेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर वर आले होते. गावकरी त्यास पांडवकालीन मानतात. वर्षाचे बहुतेक महिने पाण्यात राहूनही त्याच्या भिंती उभ्या आहेत. ग्रामस्थ गाळ उपसून गाभारा मोकळा करीत होते. थोड्याच दिवसांनी पाऊस येईल आणि देव पुन्हा पाण्यात जाईल, हे ठाऊक असूनही त्यांच्या सेवेत उणेपणा नव्हता.

बंधू-भगिनींनो, हे मंदिर कशासाठी पाण्यात गेले, याचा विचार आपण फारसा करीत नाही. भाटघरचे पाणी नीरेतून वीर येथे जाते. तेथून डावा कालवा बारामती-इंदापूरकडे आणि उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे जातो. त्या कालव्यांनी कोरडवाहू माळांवर ऊस उभा केला, साखर कारखाने आणले, बाजारपेठा फुलविल्या. त्या पेठांतील आडत, कापड आणि किराणा यांच्या पेढ्यांशी आपल्यातील कितीतरी घरांचा संबंध आहे. आपल्या वहीत जमेच्या बाजूस जे दिसते, त्याचे नावे कोठे पडले? ते वेळवंडीच्या खोऱ्यातील बुडालेल्या शेतांच्या, घरांच्या आणि देवळांच्या खात्यावर पडले. व्यापारी माणसाने नाव्याची बाजू वाचल्याशिवाय वही मिटू नये.

परतताना नावेत थोडे पाणी झिरपू लागले. बाबा डब्याने पाणी काढीत शांतपणे म्हणाले, “सांधा सुटलाय. नुसतं उपसून भागत नाही, आधी कापूस ठोकून डांबर भरावं लागतं.” मला एकदम आपल्या तत्त्वविचारातील नावेचा दृष्टान्त आठवला. छिद्रातून पाणी शिरते तो आस्रव, छिद्र बुजविणे तो संवर आणि साचलेले पाणी उपसणे ती निर्जरा. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेली ही गोष्ट मला साठी उलटल्यावर त्या नावेत उमगली. दानाचेही तसेच आहे. वर्षातून एकदा देणगी देणे म्हणजे उपसणे होय. आपल्या सुखाची किंमत दुसऱ्याने मोजली आहे याचे विस्मरण हे ते छिद्र होय.

म्हणून माझी नम्र विनंती अशी आहे. येत्या वैशाखात तरुणांनी कांबऱ्यास जावे. पण सहलीसाठी नव्हे, तर ग्रामस्थांना विचारून, ते सांगतील तेवढाच गाळ उपसण्यासाठी. प्राचीन दगडांना रंग वा सिमेंट लावण्याचा उत्साह कृपया कोणी दाखवू नये. जलाशयाचा तळ फसवा असतो, म्हणून पाण्यात उतरण्याचे साहस करू नये आणि नावेत जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून बसू नये. वडीलधाऱ्यांकडून बुडालेल्या वस्त्यांची नावे, वाटा आणि जत्रा यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आता खोऱ्यात रस्ते झाले आहेत. नाव चालविणारे हात कमी होत आहेत आणि त्यांच्याबरोबर पाण्याखाली काय आहे हे सांगणारेही.

त्या नावाडीबाबांना देऊळ दिसत नव्हते, तरी त्यांची वल्ही तेथे संथ होत. आपणही त्या पाण्यावर जगणारी माणसे आहोत. एवढे भान आपल्याला राहो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!