वडीलधाऱ्यांचा मधुमेह आणि आपण



आज बोलायचे आहे ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या मधुमेहाविषयी. मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण या आजाराने मला एक धडा दिला, तो आपल्यापुढे ठेवतो.

खालापूरकडच्या आमच्या घरी माझी थोरली आत्या असते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिला मधुमेह निघाला तेव्हा मी साखरेचा डबा फडताळात वर ठेवला, चहा बिनसाखरेचा केला, आणि समजलो की आपले कर्तव्य झाले. आषाढी एकादशी आली. आत्याचा उपास कडक. पोटात अन्न नाही. पण गोळी मात्र मी आठवणीने दिली! दुपारी पाहतो तो आत्या घामाने डबडबलेली, हात थरथरताहेत, बोलण्याला धरबंध नाही. कोणी म्हणाले, "वय झालं, भ्रम व्हायचाच." गावातल्या आशाताईने यंत्रावर बोटाचे रक्त पाहिले. साखर अवघी 52! आत्या गिळू शकत होती, म्हणून साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत ती म्हणाली, "अरे, सगळे असे का जमलात?"

1921 साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले आणि मरणाच्या दारातली माणसे जगू लागली. पण इन्सुलिन काय किंवा काही गोळ्या काय, त्या जेवणाच्या भरवशावर दिलेल्या असतात. जेवण चुकले की रक्तातली साखर एकदम उतरते. 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक, चिडचिड, भ्रम ही लक्षणे दिसतात. तेव्हा माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून 108 ला फोन करावा. उपास धरायचाच असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे. गोळी आपल्या मनाने बंदही करू नये.

एकटी साखर वर्ज्य करून भागत नाही, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडचा भात, पेज, उपासाची साबुदाण्याची खिचडी, या साऱ्यांची पोटात साखरच होते. भात सोडू नका, पण मापात घ्या. जोडीला डाळ आणि पालेभाजी वाढवा.

दुसरी गोष्ट पायांची. या आजारात पाय बधिर होतात. लावणीच्या चिखलात काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अनवाणी जाऊ देऊ नका. रोज रात्री तळवे दिव्याशी धरून पाहा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती. लावणी-कापणीच्या दिवसांत आईबाप शेतावर असतात. शाळेतून आलेले पोर आणि आजी, एवढीच दोघे घरी. घाम, थरथर, भ्रम ही खूण त्या पोराला तुम्ही शिकवून ठेवा.

आमचा साखरेचा डबा आता फडताळातून खाली आला आहे. आत्याच्या उशाशीही साखरेची लहान बरणी असते. ती हसून म्हणते, "बघ, शेवटी किल्ली माझ्याच हाती आली!"