पहिल्या वर्षानंतर पोरं कुठे जातात?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला सांगितलं की शिक्षणाचं महत्त्व या विषयावर बोला. पण ज्या आईने चार घरची धुणीभांडी करून पोराची फी भरली, तिला आम्ही गिरणीतली माणसं शिक्षणाचं महत्त्व काय सांगणार? ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून आम्ही दुसराच प्रश्न घेऊन उभे आहोत. बारावी पास होऊन कॉलेजात गेलेली आपली काही पोरं पहिलं वर्ष संपलं की दिसेनाशी का होतात?

वस्तीत याला एक ठरलेलं उत्तर आहे. पोरगं उनाड निघालं, मोबाईलने बिघडवलं. असतील तसेही दोन-चार. पण आम्ही कार्यकर्ते अशा घरी जाऊन बसलो, पोरांशी बोललो, तेव्हा वेगळ्याच गोष्टी बाहेर आल्या.

पहिली गोष्ट पैशाची. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. आपल्यासारख्या बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला मात्र १९९० साल उजाडावं लागलं. म्हणजे हक्क आहे आणि तो झगडून मिळवलेला आहे. पण आज अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा, बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला पाहिजे, आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. एक कागद चुकला की अर्ज परत. पैसा मंजूर झाला तरी वर्ष सरता सरता हातात येतो. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याकडून आगाऊ फी मागू नका, असे समाजकल्याण खात्याचे आदेश आहेत. तरी काऊंटरवरचा बाबू पोराला विचारतो, फी कधी भरणार? पोरगं दोनदा ऐकून घेतं, तिसऱ्यांदा कॉलेजलाच जात नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाला परीक्षेच्या तोंडावर हॉलतिकीट अडवून धरलं होतं. घरी त्याने सांगितलंच नाही, कारण बाप आधीच कर्जात.

इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला जात पडताळणीचं आणखी एक दुखणं. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा दाखवा म्हणतात. आजोबा कोकणातून आले तेव्हा शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, मग दाखला कुठला? गावी जाऊन कोतवाल बुकाचा उतारा काढावा लागतो. हे काम अकरावीतच सुरू केलं पाहिजे. प्रवेश झाल्यावर धावाधाव करून वेळेत होत नाही.

पण आमच्या मते पैशापेक्षाही मोठं कारण दुसरं आहे, आणि ते आम्हाला गिरणीवरून कळतं. एक काळ असा होता की साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तो दरवाजा बंद होता. कॉलेजचा दरवाजा आज उघडा आहे. पण आत गेल्यावर काय? गिरणीत नवा बदली कामगार आला की त्याला जुन्या कामगाराशेजारी उभं करत. धागा तुटला तर गाठ कशी मारायची, मुकादमाशी कसं बोलायचं, हे तो शेजारचा शिकवायचा. आपलं पोरगं कॉलेजात जातं तेव्हा त्याच्या शेजारी कोण उभं असतं? घरातला तो पहिलाच. बहुतेकांचं शिक्षण मराठीतून, आणि सायन्सला, इंजिनिअरिंगला सगळं एकदम इंग्रजीत. सर फळ्यावर भराभर लिहितात, पुसतात. शंका विचारावी तर मागच्या बाकावरून हसतात. वर एखादा कुत्सितपणे विचारतो, तू कोणत्या कोट्यातून आलास? ते पोर घरी येऊन काय सांगणार?

मग पहिल्या सत्राचा निकाल लागतो. दोन-तीन विषय राहिलेले. आता ऐका, ही गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. केटी लागली म्हणजे शिक्षण संपलं नाही. पहिल्या सत्रातले विषय राहिले तरी दुसऱ्या सत्राला बसता येतं आणि राहिलेले विषय पुन्हा देता येतात. चांगल्या घरची पोरं केटी घेऊन हसत हसत पुढे जातात. आपल्या पोराला वाटतं आपण नापास झालो, आईबापाला तोंड कसं दाखवू. त्याच वेळी कुणीतरी सांगतं, पार्सल पोचवायचं काम आहे, आठवड्याला रोकड मिळते. मुलीच्या बाबतीत तर स्थळच येतं. संपलं.

१९८२ च्या संपात आम्ही शाळेत होतो. गिरणगावात तेव्हा थोरले भाऊ कॉलेज सोडून भाजीच्या गाडीवर उभे राहिले, कारण घरात चूल पेटत नव्हती. त्यांना कुणी उनाड म्हटलं नाही.

बाबासाहेबांचंच घ्या. त्यांची बुद्धी असामान्य होतीच. पण वडील रामजी बाबा पुस्तकासाठी लेकींकडून उसने पैसे आणत. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं, तेव्हा महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर म्युलर यांनी त्यांना पुस्तकं वाचायला दिली. एवढे हात पाठीशी होते तेव्हा १९१२ साली बी.ए. झाले. म्हणूनच १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले.

आणि मंडळं काय करतात? जूनमध्ये दहावी-बारावीवाल्यांचा गुणगौरव, एक वही, एक फूल, फोटो. पुढच्या जूनमध्ये त्याच पोराची चौकशी कुणी करत नाही. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च किती असतो, हे आम्ही या व्यासपीठावरून बोलत नाही. ज्याचं त्याला माहीत आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ती सोय आपल्या पोरांना बाहेर काढायला वापरली जाऊ नये, यावर डोळा ठेवावा लागेल. ज्यांनी कॉलेज सोडलंच आहे, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी करत बी.ए., बी.कॉम. होता येतं.

कमिटीशी बोलून आम्ही एवढं ठरवलंय. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल लावू. वस्तीतली एस.वाय., टी.वाय.ची आणि नोकरीला लागलेली पोरं तिथे बसतील. प्रत्येकाकडे पहिल्या वर्षाचं एक पोर सोपवायचं. अर्ज, केटीचा फॉर्म, इंग्रजी, सगळं. काऊंटरवर कुणी फी मागितली तर एकटं जायचं नाही, आम्हाला हाक मारायची. येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि निकाल बरोबर आणा. झेरॉक्स दोन-दोन. मुलींच्या आयांनी मुलींबरोबर स्वतःही यावं.

जयभीम.