निर्वाताची राखण



या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा भरीव विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. माझ्या वाट्याला आलेला विषय मात्र अगदी पोकळ आहे. हे मी विनयाने म्हणत नाही, अक्षरशः म्हणतो. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बंद नळीत विजेकडून काम करून घेण्यासाठी जी पोकळी निर्माण करतात, जिला शास्त्रात निर्वात म्हणतात, ती एकदा केल्यावर टिकवायची कशी आणि बिघडली तर पुन्हा सुधारायची कशी, हा आजचा विषय आहे.

आपल्यापैकी केस पिकलेल्या मंडळींना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवल्यावर थोडा वेळ वाट पाहावी लागे, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसे, आणि मग आवाज येई. त्या व्हॉल्व्हच्या काचेवर आतून, बहुधा शेंड्याकडे, आरशासारखा एक चंदेरी डाग असे. तो शोभेसाठी नव्हता आणि व्हॉल्व्ह जळाल्याची खूणही नव्हती. आजच्या विषयाचे सार त्या डागात आहे. त्याच्याकडे आपण येऊच; पण आधी निर्वात म्हणजे किती रिकामे, ते पाहू.

आपल्या भोवतालची हवा ७६० मिलिमीटर पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्ये मांडावीत इतके रेणू असतात. त्यांची एवढी दाटी असते की, मिलिमीटरचा पंधरा हजारावा भाग अंतर कापले न कापले तोच एक रेणू दुसऱ्यावर आदळतो. चांगल्या व्हॉल्व्हमध्ये हा दाब एका मिलिमीटरच्या दशलक्षांशावर आणावा लागे. तरीही प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ३,३०० कोटी रेणू शिल्लक राहतातच! म्हणजे आपला निर्वात संपूर्ण रिता कधीच नसतो. पण आता दोन टकरींमधले सरासरी अंतर सुमारे ५० मीटर होते. बोटभर लांबीच्या नळीतून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला वाट मोकळी मिळते, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

वाट मोकळी नसेल तर काय होते? इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूवर आदळून त्याचा एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. उरलेला धनभारित कण उलट दिशेने धावतो आणि ज्या तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात त्यावरच जाऊन आपटतो. कॅथोडवरचा नाजूक लेप उखडतो. प्राणवायू असेल तर लेपाची इलेक्ट्रॉन सोडण्याची शक्तीच मंदावते. नळीच्या आत, पत्र्यांच्या मधल्या जागेत, जांभळट प्रकाश दिसू लागतो. काचेवर दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते, पण मधल्या जागेतला जांभळट प्रकाश म्हणजे आत वायू झाल्याची खूण.

आता आपण म्हणाल, उत्तम पंप लावावा, सगळी हवा उपसून काढावी, काच वितळवून तोंड बंद करावे, प्रश्न मिटला. ओटो फॉन गेरिके याने १६५४ साली पंपाची करामत दाखवली, तेव्हापासून पंप सुधारत आले आहेत हे खरे. पण १८७९ साली विजेच्या दिव्याच्या मागे लागलेल्या एडिसनला नुसता पंप पुरला नाही. हवा उपसत असतानाच त्याला दिव्यातील तंतू विजेने तापवावा लागला, कारण तंतूच्या अंगात मुरलेला वायू दिवा लागल्यावर बाहेर पडे आणि केलेली मेहनत फुकट जाई.

इथे मुद्द्याची गोष्ट येते. पोकळी रिकामी असते, भिंत रिकामी नसते. पावसाळा संपून महिना झाला तरी जुन्या वाड्याच्या भिंतीतून ओल बाहेर येत राहते, तशीच ही तऱ्हा. काचेच्या पृष्ठभागावर पाण्याच्या वाफेचे थर चिकटलेले असतात. निकेलच्या पत्र्यात हायड्रोजन आणि कार्बनचे वायू मुरलेले असतात. हिशेब केला तर असे दिसते की, आतल्या सगळ्या पृष्ठभागांवरून वायूचा एकच थर, अवघ्या एका रेणूच्या जाडीचा, जरी सुटला, तरी व्हॉल्व्हमधला दाब हजारो पटींनी वाढेल. बाहेरच्या चोरासाठी आपण दाराला कुलूप लावतो. पण इथे घरचा भेदी आतच बसलेला असतो. म्हणून कारखान्यात हवा उपसत असता काच सुमारे ४०० अंशांपर्यंत भाजतात आणि धातूचे भाग लाल होईतो तापवतात.

याशिवाय बाहेरचे शत्रू दोन. एक उघड गळती: काच आणि तार जिथे जोडली जाते तिथली केसाएवढी चीर. दुसरा मोठा चिवट. हवेत दहा लाखांत पाच भाग हेलियम असतो आणि तो काचेतून झिरपतो. माठ फुटलेला नसतो, तरी पाझरतो, तसेच हे. अतिमंद प्रकाश मोजणाऱ्या नळ्यांना या झिरपणाऱ्या हेलियमचा उपद्रव जाणवतो.

भिंत वायू सोडते, तशी ती वायू गिळतेही. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. त्यानंतरची वर्षे डॉक्टर ज्या नळ्या वापरीत त्यांत मुद्दाम थोडा वायू ठेवलेला असे. काम करता करता तो वायू काचेत आणि धातूत गडप होई, नळी 'कठीण' होई, आणि शेवटी तिच्यातून प्रवाहच जाईनासा होई. इथे निर्वात बिघडत नव्हता, तो फाजील चांगला होत होता! मग नळीला जोडलेल्या पॅलेडियम धातूच्या बारीक नळकांडीला ज्योत दाखवीत; ज्योतीतला हायड्रोजन तापल्या पॅलेडियममधून आत शिरे आणि नळी पुन्हा चालू होई. १९१३ मध्ये कूलिज याने तापलेल्या टंगस्टनच्या तारेतून इलेक्ट्रॉन मिळवणारी उच्च निर्वाताची नळी केली, आणि ही ओढाताण थांबली.

पण पदार्थ वायू गिळतात, मग ते मुद्दाम का गिळवू नयेत? इटलीतील उदिने गावच्या आर्तुरो मालिन्यानी याने १८९४ च्या सुमारास दिव्यात तांबडा फॉस्फरस वापरून नेमके हेच केले. फॉस्फरसची वाफ उरलेला वायू बांधून टाकी. अमेरिकेतील दिव्यांच्या कारखानदारांनी या पद्धतीचे हक्क विकत घेतले. अशा पदार्थाला इंग्रजीत 'गेटर' हे नाव पडले. गेटर म्हणजे हस्तगत करणारा. आपण त्याला आतला पहारेकरी म्हणू.

रेडिओच्या व्हॉल्व्हमधला चंदेरी डाग हाच तो पहारेकरी. तो बेरियम धातूचा असे. आतल्या एका लहानशा कड्यात बेरियमचे मिश्रण भरलेले असे. व्हॉल्व्ह बंद करण्याच्या सुमारास बाहेरून एक वेटोळे जवळ आणून त्यात अतिवेगाने दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडत. काचेला न शिवता कडे लालबुंद होई, बेरियमची वाफ उडे आणि काचेवर आरसा जमे. पुढे वर्षानुवर्षे प्राणवायू, नायट्रोजन, हायड्रोजन, पाण्याची वाफ, जो रेणू त्या आरशावर येई तो तिथेच अडके. हेलियम आणि आरगॉन कोणाशीच संयोग पावत नाहीत, त्यांच्यापुढे मात्र तो हतबल. आणि त्याचे अंतकाळचे लक्षण तर फार बोलके: काचेला तडा जाऊन हवा शिरली की चंदेरी डाग दुधासारखा पांढरा होतो. ज्यांच्याकडे आजही जुने रेडिओ आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. डाग चंदेरी असेल तर आशा आहे. पांढरा असेल तर तो व्हॉल्व्ह संपला.

या तयारीचे फळ किती मोठे, ते पाहा. १९५६ साली स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी टेलिफोनच्या दोन केबली टाकल्या. प्रत्येकीत आवाज वाढवणारी ५१ साधने आणि प्रत्येक साधनात तीन व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण ३०६ व्हॉल्व्ह खोल समुद्रात. तिथे रोज देखभालीला कोण जाणार? ही व्यवस्था १९७८ पर्यंत, २२ वर्षे, चालली.

आता बिघडलेला निर्वात सुधारतात कसा? जिथे तडा नाही, केवळ आतला वायू सुटला आहे, तिथे पहारेकऱ्याला जागे करावे लागते. रेडिओ केंद्राच्या मोठ्या प्रक्षेपण नळ्यांत झिर्कोनियमसारखा धातू वापरतात. त्याच्या पृष्ठभागावर पकडलेल्या वायूची साय धरते आणि तो मंद होतो. तो पुरेसा तापवला की ती साय धातूच्या पोटात शिरते, पृष्ठभाग पुन्हा ताजा होतो, आणि त्याची भूक परत येते. कोठारात दीर्घकाळ पडून राहिलेल्या नळीवर एकदम पूर्ण दाबाची वीज सोडली तर आत ठिणगी उडून ती जायची. म्हणून आधी काही तास नुसती तारच तापवतात, मग विजेचा दाब पायरीपायरीने चढवतात. आणि शहाणा इंजिनिअर राखीव नळी कपाटात पुजून ठेवीत नाही. पाळीपाळीने तिला कामाला लावतो. दवाखान्यातला तंत्रज्ञ सकाळी पहिल्या रुग्णाआधी क्ष-किरण यंत्र थोड्या दाबापासून हळूहळू वर नेतो, त्यातही हेतू हाच. बाहेर ताटकळणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटतो. पण ती पाच-दहा मिनिटे लाखो रुपयांच्या नळीचे आयुष्य वाढवतात. रडारसारख्या कामांसाठीच्या काही मोठ्या नळ्यांना तर कायमचा एक छोटा आयन-पंप जोडलेला असतो. त्यात टिटॅनियमचा ताजा थर सतत बसत राहून वायू पकडतो, आणि पंपाच्या प्रवाहावरून आतला दाबही वाचता येतो.

व्हॉल्व्ह गेले तरी निर्वात आपल्या गावातून गेलेला नाही. घराघरात पोहोचणारी वीज ज्या उपकेंद्रातून येते तिथे ११, २२, ३३ हजार व्होल्टचे प्रवाह तोडायला आज बहुशः निर्वाताचे सर्किट ब्रेकर असतात. चिनी मातीच्या बंद बाटलीत दोन स्पर्शक. ते सुमारे एक सेंटिमीटर दूर झाले की मध्ये धातूच्या वाफेची ज्वाळा उठते आणि पुढच्या काही सहस्रांश सेकंदांत, प्रवाह शून्यावर येताच, विझते. उडालेली धातूची वाफ भिंतीवर जमून उलट थोडा वायू गिळते. पण आतला दाब काही कारणाने मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापलीकडे वाढत गेला, तर ज्वाळा विझण्याचा भरवसा राहत नाही. शॉर्ट सर्किटच्या वेळी प्रवाह तुटायचा राहिला, तर बाटली फुटते, कपाट पेटते, आणि जवळ उभा असलेला माणूस भाजतो.

आणि इथे चंदेरी डाग दिसत नाही! चिनी माती अपारदर्शक. चांगली बाटली आणि निकामी बाटली बाहेरून सारख्याच. ती २०-३० वर्षे टिकावी अशा बेताने केलेली असते, आणि म्हणूनच तिचा विसर पडतो. उघड्या स्पर्शकांवर ठरावीक उच्च दाब लावून ती तग धरते की नाही ते पाहता येते. त्या वेळी क्ष-किरण निघण्याचा संभव असल्याने माणसांनी अंतर राखावे लागते. पण ही चाचणी फक्त आजचे 'आहे' किंवा 'नाही' सांगते. दुसरी रीत अधिक सूक्ष्म: बाटलीभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करून आतल्या वायूतून जाणारा अत्यल्प प्रवाह मोजायचा आणि त्यावरून दाब काढायचा. दर काही वर्षांनी हा आकडा नोंदवून ठेवला तर बाटली कोणत्या गतीने म्हातारी होते आहे ते कळते, आणि अपघाताआधी ती बदलता येते.

तेव्हा श्रोतेहो, सीलबंद म्हणजे निर्धास्त, ही आपली समजूत सोडली पाहिजे. निर्वात ही एकदा मिळवून पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे. आत भिंती वायू सोडत असतात, पहारेकरी तो धरीत असतो, आणि या रोजच्या झगड्यात पहारेकरी वरचढ आहे तोवरच यंत्र चालते. तो वरचढ आहे की नाही हे अधूनमधून जाऊन पाहणारा एक माणूस लागतो. पुढच्या वेळी आपल्या भागात 'देखभालीसाठी वीज बंद' अशी सूचना आली, की दोन तास पंखा बंद राहिला म्हणून रागावण्याआधी या माणसाची आठवण करावी, आणि चाचणीची नोंद वेळेवर होते का, हे विचारण्याचा आपला हक्कही बजावावा.