सर्व्हर डाऊन आहे, पण नक्की कुठे?



"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे ऐकलं नाही अशी ताई आपल्या गटांत सापडायची नाही. दिवसाची मजुरी बुडवायची, तिकीट काढून जायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. आम्हीही मुकाट्याने परत येत होतो. पण आमच्या गटातल्या एका मावशींचे दोन हजार अडकले, तेव्हा जरा खोलात शिरलो.

मावशींनी बीसी सखीकडे मशीनवर अंगठा लावला. बराच वेळ नुसतं चाक फिरलं, मग 'व्यवहार अयशस्वी' आलं. सखी म्हणाली, पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी पैसे मिळाले. संध्याकाळी नातवाने मेसेज वाचला, तर खात्यातून चार हजार गेलेले!

झालं काय होतं? आपण अंगठा लावला की निरोप मोबाईलच्या नेटवरून बँकेच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. आधारकडे अंगठ्याची पडताळणी होते, खात्यातून रक्कम वजा होते आणि 'पैसे द्या' असा उलटा निरोप येतो. जाताना निरोप अडला तर नुकसान नाही. येताना अडला, तर पैसे कापलेले असतात आणि मशीन मात्र 'अयशस्वी' म्हणतं.

म्हणून लगेच दुसऱ्यांदा अंगठा लावायचा नाही. आधी शिल्लक बघायची. तीही दिसत नसेल तर त्या दिवशी थांबायचं.

बिघाड कुठे आहे हे आपल्यालाही ओळखता येतं. शेजारच्या गावच्या सखीला फोन लावायचा. तिचं मशीन चालत असेल तर अडचण बहुधा आपल्याच नेटची. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट देऊन बघायचा. एकाच बँकेच्या बायकांचे व्यवहार अडत असतील तर बिघाड त्या बँकेकडे. आणि 'बोटाचा ठसा जुळत नाही' असं आलं तर त्यात सर्व्हरचा दोष नाही. खुरपणीने बोटं घासलेली असतात. हात धुवून, पुसून दुसरं बोट लावायचं.

पैसे कापले गेलेच तर अयशस्वी व्यवहाराचीही पावती मागायची. सखी कधी कधी म्हणते, "झालंच नाही तर पावती कशाची?" तरी मागायची. त्यावरचा १२ अंकी आरआरएन नंबर घेऊन आपल्या बँकेत लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत आले पाहिजेत, पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ३० दिवसांत दाद लागली नाही तर लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

मावशींचे पैसे चौथ्या दिवशी जमा झाले. आता त्या आरआरएन नंबर विचारल्याशिवाय उठत नाहीत. सखी थोडी वैतागते, पण टेबलावर वही तिनेच ठेवली आहे.